शेजारच्या बाजूची नळी

मिलीमीटर ती गाडी आणायला गेला तो एका शनिवारी सकाळी, सोबत भाड्याचा ट्रक आणि खिशात स्वतःची मोजपट्टी घेऊन. मिलीमीटर हे त्याला दुकानदारांनी ठेवलेलं नाव. वजनमापं खात्यात निरीक्षक होता तो. तराजू तपासायचा, लिटरची मापं तपासायचा, कापडवाल्याच्या पट्टीला आपली पट्टी लावून बघायचा, आणि केसभर फरक निघाला तरी असं तोंड करायचा की समोरच्याला वाटावं, आपल्या हातून खूनच झालाय. कामात चोख होता, नाही कोण म्हणतं? पण आपण चोख म्हणून बाकीचं सगळं जग भिकार, हे कुठलं गणित? या शहाण्याला वयाची छप्पन्न वर्षं तेवढं एकच गणित येत होतं.

गाडी एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याची होती; चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. गोल पाठीची, पाठीमागे इंजिन असलेली जुनी मोटार. या गाड्यांच्या इंजिनाला पाणी लागत नाही, ते नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. आणि त्या वाऱ्याने उचललेली गरमी दोन लोखंडी नळ्यांतून, दारांच्या खालून, पुढे बसणाऱ्यांच्या पायांशी येते. एक नळी चालवणाऱ्याच्या बाजूला, एक शेजारच्या. थंडीत पाय शेकायची सोय, बाकी काही नाही.

चष्मेवाला फाटकापर्यंत आला. गाडी ट्रकवर चढताना त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळं उघडा, सगळं बदला," तो म्हणाला. "फक्त शेजारच्या बाजूची नळी उघडू नका. ती मी बंद केलीय."

"कशाने?"

"फडकी कोंबलीत. वरून पत्रा डागलाय."

"पण का?"

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "राहू द्या हो तशीच," एवढंच म्हणाला आणि आत निघून गेला.

"अडाणी लेकाचा!" ट्रकमध्ये बसता बसता मिलीमीटर ड्रायव्हरला म्हणाला. "म्हणे फडकी कोंबलीत. अशा लोकांच्या हातात गाड्या देतात कशाला, तेच मला कळत नाही." ड्रायव्हरने गियर टाकला. त्याच्या ट्रकचा आरसा सुतळीने बांधलेला होता, आणि मिलीमीटर रस्ताभर त्या सुतळीकडे बघत नाक मुरडत बसला होता.

गाडी घरामागच्या गॅरेजात आली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. चारी बाजूंनी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवलेली, चाकं नसलेली. इंजिन खाली काढून कोपऱ्यातल्या टेबलावर, चादरीखाली. एकेक स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर माप. या गाडीवेड्यांची एक खोड असते. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच हवी. मधल्या मालकाने काही केलेलं दिसलं, एखादं ठिगळ, एखादी वायर, एखादा खिळा, की यांचं टाळकं सरकतं. आधी ते उपटायचं. का केलं असेल, हा प्रश्न यांना पडतच नाही.

बायको ग्रंथालयात होती. तळघरातलं ग्रंथालय, बाराही महिने गारठा. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिची पावलं बर्फ झालेली असायची. ती गाडीला सवत म्हणायची. "काय म्हणतेय सवत? आज काय काय काढलंत तिच्या अंगावरचं?" असं विचारत चहा घेऊन गॅरेजात यायची, उभ्या उभ्या दोन घोट घ्यायची आणि जायची. एकदा मात्र ती चिडली होती. एका पॅचवरून त्याने वेल्डिंगच्या मिस्त्रीला तिच्यादेखत फाडून खाल्लं होतं, तेव्हा.

"अहो, तुम्हाला गाडी नीट करायचीच नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला लोकांच्या चुका काढायच्यात. गाडी झाली तर मग काय करणार तुम्ही? माझ्याच मागे लागणार."

त्याला हे झोंबलं. पण खरं सांगायचं तर, त्या माणसाला जगात ज्याची किंमत वाटत होती असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे ती. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. सांगायला काय जात होतं? पण नाही.

सहाव्या थंडीत सगळं संपत आलं आणि ती नळी तेवढी राहिली. मिस्त्री दारात उभा होता. त्याने पत्र्याचा तो डाग बोटाने चाचपून पाहिला.

"साहेब, हे घाईत केलेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "तीनदा डागलंय. ज्याने केलंय त्याने काहीतरी बघूनच केलं असणार. नका उघडू."

"तू वेल्डिंग कर. डोकं चालवायचं माझ्यावर सोड."

मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. "मग वेल्डिंगही तुम्हीच करा," म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो त्या घराकडे फिरकला नाही, आणि शहाणपणाचं केलं.

मिलीमीटरने पत्रा कापला. आतून फडकी निघाली. चष्मे पुसायची ती मऊ, पिवळी, चौकोनी फडकी. दहा नाही, वीस नाही, चारशेच्या वर निघाली, कारण यानेच ती मोजली. एकावर एक ठासून, काठीने दाबून बसवलेली. शेवटचं फडकं ओढलं आणि आतून वास आला. गंजाचा नाही, तेलाचाही नाही. आजारी माणसाच्या खोलीची खिडकी फार दिवसांनी उघडावी तसा वास. त्याने नाकाला रुमाल लावला आणि चष्मेवाल्याच्या नावाने पुन्हा एक शिवी हासडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चांगली उन्हं असताना, त्याचा हात त्या नळीच्या तोंडाशी गेला. हवा येत होती. गरम.

आता इंजिन कुठे होतं? टेबलावर, चादरीखाली. मागे नळीला काही जोडलेलंच नव्हतं. हवा यायची, थांबायची, मग उलटी आत ओढली जायची. परत यायची. याने काय करावं? घाबरावं? छे! थर्मामीटर आणला. सदतीस अंश. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा. वहीत तारीख घालून लिहिलं, 'पत्रा तापल्यामुळे हवेचे अभिसरण', आणि खाली रेघ मारली. लिहिलं की त्याचं समाधान व्हायचं.

बायकोला ते त्याच संध्याकाळी कळलं. चहा घेऊन आली, सहज शेजारच्या सीटवर टेकली आणि म्हणाली, "अगंबाई! पाय काय छान शेकतायत इथे." मग रोजच बसायला लागली. पाय नळीच्या तोंडाशी, हातात पुस्तक. पुढे पुढे पुस्तकही नाही. रविवारी दुपारी तिथेच झोप काढायची. मिलीमीटरची छाती फुगली. शेवटी हिला माझ्या कामाची किंमत कळली, असं त्याला वाटलं. काय म्हणावं या माणसाला!

असाच एक रविवार. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं, बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. ती सीटवर झोपली होती. हा खाली बसून दाराची बिजागरी घासत होता. घासता घासता त्याच्या लक्षात आलं की तिची छाती वर जाते तेव्हा नळी हवा आत ओढते, आणि खाली येते तेव्हा सोडते. तो काम थांबवून बघत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदाही चुकलं नाही.

कुठल्याही माणसाने काय केलं असतं? तिला उठवलं असतं, हाताला धरून बाहेर नेलं असतं. या निरीक्षकाने घड्याळ काढलं. त्याने नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

तिची छाती थांबली.

बाहेर गालिचा झटकण्याचा आवाज येत होता, धप्प, धप्प. तिची बोटं सीटच्या कडेवर एकदा वळली. त्याने हात काढला. ती श्वास घेऊन कुशीवर वळली. बारा सेकंद.

एवढ्यावर थांबला असता तर मीही त्याला माफ केलं असतं. पण त्याच्या खात्याचा नियम होता, तीन रीडिंगं घेतल्याशिवाय माप धरायचं नाही. आणि नियम म्हणजे नियम! स्वतःची बायको समोर निपचित पडली आहे आणि हा दुसरं रीडिंग घेतोय. सव्वीस सेकंद. तिचे ओठ पांढरे पडले. त्याने हात काढला, तिच्या घशातून घरघर आली, पण ती जागी झाली नाही. मग तिसरं. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून त्याने नजर घड्याळावर ठेवली, हे खरं. पण हात होता तिथेच. त्रेचाळीस सेकंद. तिचे डोळे अर्धवट उघडले होते आणि त्यांत नुसतं पांढरं दिसत होतं.

हात काढल्यावर लगेच काहीच झालं नाही. त्याने तिला हलवलं, हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. आणि मग ती एकदम उठून बसली, मोठ्ठा श्वास घेत, त्याचा सदरा मुठीत धरून.

"अहो… कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवला होता…"

"स्वप्न पडलं असेल."

"तीनदा…" ती म्हणाली. "तीनदा ठेवला…"

"उठ, घरात चल. इथे हवा कोंडते," असं म्हणून त्याने तिला आत नेलं. खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. पण रात्री वहीत आकडे लिहायला बसला, तर बारा लिहिलं, सव्वीस लिहिलं, आणि तिसऱ्या आकड्याला त्याला रडू फुटलं. तरी लिहिला मात्र.

दुसऱ्या दिवशी तो चष्मेवाल्याकडे गेला. म्हातारा दुकानात एकटाच होता. याच्याकडे बघितलं आणि त्याने हातातली काच खाली ठेवली.

"उघडलीत," तो म्हणाला.

"तुम्ही मला नीट का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

मिलीमीटरने काउंटरवरची एक तिरपी डबी सरळ केली.

"हसला असता," म्हातारा म्हणाला. "तुमचं तोंडच तसं होतं त्या दिवशी. आल्यापासून माझ्या भिंतीतले खिळे बघत होतात, सरळ आहेत का तिरपे." मग त्याचा आवाज खाली आला. "आमच्या हिलाही तिथे बसायला आवडायचं. पाय शेकायचे… मला कळलं तेव्हा मी घाबरलो. वाटलं, नळी बंद केली की सुटेल. फडकी कोंबत होतो आणि ही वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती… खाली काठीने ठासतोय, ठासतोय… वर गेलो तर…"

त्याने खाली ठेवलेली काच परत उचलली. दुकानातल्या शंभरएक चष्म्यांच्या काचा उजेडात नुसत्या चमकत होत्या.

"मग आता मी काय करू?" मिलीमीटरने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाला हा प्रश्न विचारला असेल.

"उघडी ठेवा. बोळा नको, उंदीर नको, कचरा नको. आणि हात लावू नका," म्हातारा म्हणाला. मग त्याने याच्याकडे निरखून पाहिलं. "हात… लावला नाहीत ना?"

"नाही," मिलीमीटर म्हणाला.

हे तर आणखी भारी. जो एकमेव माणूस काही सांगू शकला असता, त्याच्याशीही खोटं.

त्यानंतर गाडी तशीच राहिली. चाकं बसली नाहीत, इंजिन चढलं नाही. नळीच्या तोंडावर त्याने बारीक जाळी बसवली, रोज सकाळी सगळ्यात आधी जाऊन कान लावायचा. चौदा. बायकोला गॅरेजात यायची बंदी केली, का ते सांगितलं नाही. "सवतीशी भांडण झालं वाटतं माझं," ती हसून म्हणाली. ती ग्रंथालयात असो, बाजारात असो, बहिणीकडे असो, नळीतून तिचा श्वास येत राहायचा. जिना चढली की भरभर, झोपली की सावकाश. आणि हा माणूस जमिनीवर पडून तो ऐकत बसायचा. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती. इतकं लक्ष देऊन त्याने तिचं एक वाक्यसुद्धा ऐकलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास नळी थांबली.

जाळी स्वच्छ होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. घड्याळाकडे नजर गेली ती सवयीनेच. आणि मग परत हवा आली. बारा सेकंद.

त्याने स्वतःची समजूत घातली. खोकला आला असेल तिला, उचकी लागली असेल. मंगळवारी त्याच वेळी परत थांबली. सव्वीस सेकंद. आता समजूत घालायला काही उरलं नाही. संध्याकाळी ती घरी आली तर म्हणाली, "आज पुस्तकं लावताना डोळ्यांपुढे अंधारी आली हो. सकाळचं खाल्लं नाही ना नीट, त्यानेच." त्याने तिला सांगितलं, उद्या जाऊ नकोस. तिने कारण विचारलं. कारण सांगायचं म्हणजे वही दाखवायला लागली असती, तारीख घालून लिहिलेले ते तीन आकडे दाखवायला लागले असते. तो म्हणाला, "काही नाही, असंच." ती बुधवारी कामाला गेली.

बुधवारी पावणेअकराला तो नळीशी जाऊन बसला. खांद्याने कानाशी दाबलेला फोन, एका हातात घड्याळ.

"काय हो, आज एकदम फोन?" ती म्हणाली. आवाजात थोडी मजा होती. "सवतीने हाकललं वाटतं."

"असंच. बोल तू काहीतरी."

"मी काय बोलू? इथे एक गृहस्थ भिजलेलं पुस्तक घेऊन आलेत आणि म्हणतायत, आधीपासूनच असं होतं. तुम्ही असतात ना, तर पानंच मोजली अस…"

तिचं बोलणं तुटलं. नळीही थांबली.

"अगं," तो म्हणाला. "ऐक… ऐकतेस ना…"

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी दूरवरून म्हणालं, बाई, काय होतंय? दहा. वीस. त्याने जाळी उपटून काढली, नळीत बोटं घातली, मग मनगटापर्यंत हात घातला, आत काहीच लागेना. नुसतं गार लोखंड. हात काढून घेतला. तीस. चाळीस. त्रेचाळीस आले तेव्हा तो ओरडला, "झालं, झालं की! तेवढंच होतं!" कुणाला ओरडला ते त्यालाच ठाऊक. त्रेचाळीस गेले. पन्नास गेले. एकसष्टाव्या सेकंदाला नळीतून हवा आली आणि फोनमध्ये तिने श्वास ओढला. तो श्वास ऐकून त्याच्या हातातलं घड्याळ गळून पडलं.

"अहो…" बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "का हो असं करता… मला दिसलं या वेळी… तुमचाच हात होता…"

"नाही गं. शपथ घेतो, मी हात लावला नाही. नळी उघडी आहे. मी बघतोय ना, उघडी आहे…"

"तुमचाच होता. तुम्हाला कुणी तो काढू देत नव्हतं." तिला दम लागला होता. एकेक शब्द सुटा येत होता. "मागे कुणीतरी उभं होतं तुमच्या… वही घेऊन… त्याने तुमचा हात धरून ठेवला होता…"

"कोण? कोण होता?"

"तोंड नाही दिसलं. तुमच्यावर फार चिडला होता तो… म्हणाला, ही तिन्ही रीडिंगं चुकीची घेतलीत." ती थांबली, आणि नळीही तेवढाच वेळ थांबली. "म्हणाला, पहिल्यापासून घ्या."